देवळीतली थेंबांची बाटली

नमस्कार, श्रोतेहो.

कोकणातल्या पुष्कळ घरांत देवळीत किंवा टीव्हीशेजारी डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक अर्धवट उरलेली बाटली असते. कधीकाळी आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती आणलेली असते, लेबलावरची अक्षरे पुसट झालेली असतात, आणि घरात कोणाचाही डोळा लाल झाला की तीच हाताशी येते. गेली अनेक वर्षे मी या किनाऱ्यावर डोळ्यांचे रुग्ण तपासतो आहे, आणि आज मला आधी या बाटलीविषयीच बोलायचे आहे.

अशा थेंबांत बहुधा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड असते. शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरवण्यासाठी ते आवश्यकच असते. त्याने लाली चटकन ओसरते, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसतो. परंतु तेच थेंब आठवडेच्या आठवडे, महिनोन्‌महिने घातले गेले, तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो वाढताना बहुधा डोळा दुखत नाही, समोरचे अक्षरही स्वच्छ दिसत राहते, आणि तेवढ्या काळात आत दृष्टीची नस सुकत जाऊन नजर कडेने आटू लागते. हाच काचबिंदू, आणि त्यात गेलेली नजर कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही.

माझ्याकडे आलेले एक तांडेल मला विसरता येत नाहीत. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने डोळे चुरचुरतात म्हणून चिठ्ठीशिवाय आणलेले थेंब ते दोन वर्षे घालत होते. जेटीवरून होडीत उतरताना पाय चुकू लागला, बाजूला पडलेला दोर दिसेनासा झाला, तेव्हा ते तपासणीला आले. उजव्या डोळ्याची नस तोवर जवळजवळ सुकली होती. डावा डोळा वाचवता आला, एवढेच.

भात कापताना पाते डोळ्याला लागले, तर हे थेंब मुळीच घालू नयेत. अशा जखमेत बुरशी शिरलेली असू शकते, आणि स्टिरॉइडमुळे ती इतकी फोफावते की बुबुळाला छिद्र पडण्यापर्यंत वेळ येते.

आता पोटात घ्यायच्या गोळ्यांकडे वळतो. क्षयरोगाच्या उपचारात इथॅम्ब्युटॉल नावाचे औषध असते. ते गरजेचे आहे, मात्र थोड्या रुग्णांत ते दृष्टीच्या नसेला बाधते. क्षयाचे उपचार सुरू असलेल्या एका भगिनी मे महिन्यात सांगत आल्या की झाडावरचे लाल रातांबे हिरव्या पानांतून वेगळे ओळखू येत नाहीत. त्यांना वाटले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. वास्तविक लाल-हिरव्यातला फरक पुसट होणे, ही या त्रासाची अगदी सुरुवातीची खूण असते. त्या वेळेवर आल्या, डॉक्टरांनी तेवढे एक औषध थांबवून बाकीचे उपचार चालू ठेवले, आणि काही महिन्यांत रंग पुन्हा स्पष्ट दिसू लागले. म्हणून असे काही जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे, मात्र सगळाच कोर्स आपल्या मनाने सोडू नये. याच उपचारातल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी आणि अश्रू नारिंगी होतात. त्याला मात्र घाबरण्याचे कारण नाही.

संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी आपला डोस वजनाशी ताडून घ्यावा. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा तो जास्त नसावा, म्हणजे ५० किलो वजनाला २५० मिलिग्रॅम ही मर्यादा झाली. उपचारांच्या पहिल्या वर्षात एकदा, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर ती आणखी लवकर सुरू करावी. पडद्याला झालेली इजा सहसा भरून येत नाही. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांनी, किंवा पूर्वी घेतलेल्यांनीही, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ते डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण या गोळीने डोळ्यातली बाहुलीभोवतीची रंगीत चकती शस्त्रक्रियेच्या वेळी ढिली पडते आणि शल्यविशारदाला आधीच तयारी ठेवावी लागते.

उलट दिशेनेही हे घडते. काचबिंदूवरचे टिमोलॉलचे थेंब नाकाघशातून रक्तात उतरतात आणि दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते. दमा असेल तर तो डोळ्यांच्या डॉक्टरांपासून लपवू नये. कोणताही थेंब एका वेळी एकच पुरतो, त्याहून जास्त डोळ्यात मावत नाही. तो घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी, आणि बहुतेक थेंबांच्या बाबतीत महिनाभरानंतर उरलेले औषध टाकून द्यावे. तपासणीला येताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून आणावीत. कोणत्याही औषधाने त्रास झाला, असे वाटल्यास आपल्या डॉक्टरांना सांगावेच, शिवाय भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही ते कळवता येते.