कंबर जरा मोकळी झाली की लगेच गोधड्या धुवायला काढू नका!

नमस्कार मंडळी! "ताई, मणक्यात गॅप आहे, चालू का झोपून राहू?" प्रत्येक व्हिडिओखाली हाच प्रश्न. तर चाला. तीन महिन्यांच्या वर कंबर दुखतेय आणि डॉक्टरांनी तपासून धोक्याचं काही नाही म्हटलंय, तर ती पडून राहून बरी होत नाही. चालणं, पोहणं, योगासनं, झेपेल ते करा. हे तुम्हाला माहितीच आहे, पुढं जाऊ.

घोळ होतो तो बऱ्या दिवशी.

आमच्या मावशीचं सांगते. ऐन नवरात्राच्या तोंडावर तिची कंबर मोकळी झाली. झालं, घरातल्या सगळ्या गोधड्या टेम्पोत घालून बाई माहुलीला, कृष्णेवर! भिजलेली गोधडी किती जड होते माहितीये ना? दोघींनी दोन टोकं धरून पिळायची, तीही कमरेत वाकून. घटस्थापनेला मावशी कॉटवर, आणि वर मलाच म्हणते, "तुझ्या त्या चालण्यानंच वाढलं." अगं, गोधड्या विसरलीस का?

म्हणून घड्याळ लावून चाला. दहा मिनिटं ठरली तर दहाच. छान वाटतंय म्हणून पंचवीस नाही. आठवडाभर जमलं की दोन मिनिटं वाढवा. आणि दुखतंय म्हणून एकदम शून्यही नाही, घरातल्या घरात पाच मिनिटं फिरा. किती चालायचं ते आदल्या रात्री ठरवा, सकाळी कमरेला विचारू नका.

एका दादांची कमेंट आहे, "रोज साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत जायचो, बरं वाटलं म्हणून थेट अजिंक्यतारा चढलो. आता झोपून बघतोय तुमचा व्हिडिओ." दादा, किल्ला कुठं पळून चालला होता का?

चालल्यावर थोडं दुखणारच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बसलं तर ठीक. नाही बसलं तर आधीच्या मिनिटांवर या, बंद करू नका.

आणि "कुठला पट्टा घेऊ?" विचारणाऱ्यांनो, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली अशा जुन्या कंबरदुखीसाठी पट्टे आणि वजनं लावून कंबर ओढणं, दोन्ही नेहमीचा उपाय म्हणून नको असंच सांगितलंय. ते पैसे चांगल्या बुटांना घाला.

मात्र लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिर वाटलं, पायातली ताकद गेली, तर व्हिडिओ तिथंच थांबवा आणि आजच्या आज हॉस्पिटल गाठा. कमेंटमध्ये मला विचारत बसू नका.