शेरीफच्या कोठडीतला मार्शल

१४ ऑगस्ट १८८९, सकाळची वेळ. कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप स्टेशनात गाडी नाश्त्यासाठी थांबली आहे. उपाहारगृहातल्या एका टेबलाशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्टीफन फील्ड बसले आहेत. वय ७२. शेजारी डेव्हिड नीगल, त्यांच्या रक्षणासाठी नेमलेला संघराज्याचा उपमार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी.

रक्षणाची गरज का पडली? आदल्या वर्षी फील्ड यांनी डेव्हिड टेरी यांच्या पत्नीविरुद्ध निकाल दिला, कोर्टातच झटापट झाली, नवरा-बायको दोघंही तुरुंगात गेले. तेव्हापासून टेरी धमक्या देत होते. आणि टेरी कोणी ऐरेगैरे नव्हते, ते कॅलिफोर्नियाचे माजी मुख्य न्यायाधीश होते.

टेरी मागून येतात आणि फील्ड यांना मारतात. नीगल ताडकन उठतो. टेरींचा हात कोटाकडे वळताना त्याला दिसतो. दोन गोळ्या सुटतात, टेरी कोसळतात. त्यांच्या अंगावर शस्त्र सापडत नाही.

माणूस मेला तो सॅन वाकीन काउंटीत. अमेरिकेत काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि तिथला शेरीफ हा लोकांनी मत देऊन निवडलेला पोलीसप्रमुख. मुंबईच्या शेरीफसारखं हे मानाचं पद नव्हे. त्याच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या असतात. शेरीफ टॉमस कनिंगहॅम यांनी नीगलला स्टॉकटनच्या तुरुंगात ठेवलं. त्यांच्या हद्दीत खुनाचा आरोप होता. त्यांनी त्यांचं कामच केलं.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या संघीय न्यायालयानं नीगलला सोडलं. प्रकरण वॉशिंग्टनला गेलं. १४ एप्रिल १८९० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध २ मतांनी सांगितलं: संघराज्याचं कर्तव्य बजावताना जे करणं भाग होतं, त्यासाठी राज्य त्याच्यावर खटला चालवू शकत नाही. फील्ड अर्थातच त्या पीठावर नव्हते. विरोधी मत देणाऱ्या दोघांचा मुद्दा मला आजही टोचतो. असं रक्षण करण्याचा अधिकार देणारा कायदा काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, केलाच नव्हता, मग कॅलिफोर्नियाच्या ज्यूरीनं हे प्रकरण का ऐकू नये? निःशस्त्र माणूस मेला होता.

१०७ वर्षांनी पारडं दुसरीकडे झुकलं. १९९३च्या ब्रॅडी कायद्यानं पिस्तूल घेणाऱ्याची चौकशी स्थानिक पोलीसप्रमुखांवर टाकली. मोंटानाचे शेरीफ जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनाचे रिचर्ड मॅक कोर्टात गेले. २७ जून १९९७ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला: वॉशिंग्टनचं केंद्र सरकार शेरीफला आपल्या कामाला जुंपू शकत नाही.

मॅक यांनी पुढे संघटना काढली आणि काउंटीत शेरीफच सर्वोच्च, तो संघीय अधिकाऱ्यांनाही रोखू शकतो, असा प्रचार केला. निकालात असं कुठेही नाही. मदत नाकारणं वेगळं आणि वाट अडवणं वेगळं. हा फरक पुसला गेला तर लॅथ्रॉपसारख्या प्रसंगी दोन वर्दीवाले एकमेकांवर बंदुका रोखतील, ही भीती मला खरीच वाटते.

आज याच निकालाचा आधार स्थलांतरितांना पकडायला हातभार न लावणाऱ्या काउंट्या घेतात. सुटका ठरलेल्या कैद्याला आणखी ४८ तास धरून ठेवा, अशी विनंती संघीय अधिकारी करतात. राज्याचा कायदा आड येत नसेल, तर शेरीफ नाही म्हणतो. दार उघडतं, कैदी बाहेर पडतो. बाहेर रस्त्यावर संघीय अधिकारी गाडी लावून उभे असतील, तर तिथे त्यांना अडवायचा अधिकार शेरीफला नाही.