आधी जमीन, मग पावतीपुस्तक

श्रोतेहो, नमस्कार.

मुलींच्या शिक्षणासाठी वर्गणी मागत फिरणं आपल्याला नवं नाही. महर्षी कर्वे डिसेंबर 1930 मध्ये, वयाची 72 वर्षं पूर्ण झाल्यावर, बोटीत बसून आफ्रिकेला गेले. मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार, खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत. हिंदुस्थानातल्या स्त्रीशिक्षणाचं काम तिथल्या लोकांना सांगत पंधरा महिने हिंडले. आज मी सांगणार आहे ती गोष्ट आफ्रिकेतल्याच मुलींच्या शाळेची. तिथे पैसा कसा उभा राहतो, आणि कधी कधी उभा राहूनही शाळा का उभी राहत नाही.

केनियाच्या नैऋत्येला एनोसाएन नावाचं, मसाई जमातीचं गाव आहे. तिथली काकेन्या न्ताइया. पाचव्या वर्षी हिचं लग्न ठरलेलं. तेव्हा मसाईंत वयात येणाऱ्या मुलीची सुंता, म्हणजे तिच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याचा विधी, करायची आणि मग तिला सासरी धाडायचं, शाळा तिथेच संपली. काकेन्याने वडिलांशी सौदा केला. विधी करून घेते, पण पुढे हायस्कूलला जाऊ द्यायचं. नाहीतर मी पळून जाईन. मुलगी पळाली तर गावात बापाची काय शोभा राहणार? बाप कबूल झाला. केवढी किंमत मोजली बघा पोरीने, एका हायस्कूलसाठी!

पुढे तिला अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. आता तिकिटाचे पैसे कुठून आणायचे? गावातले लोक म्हणू लागले, ही संधी एखाद्या मुलाला मिळायला हवी होती, मुलीवर कशाला वाया? मग ही काय करते? गावात एक वजनदार माणूस होता, पुढे प्रमुख होणारा. भल्या पहाटे त्याच्या दारात जाऊन उभी. त्याने दार उघडलं तर समोर ही! मला अमेरिकेला पाठवायला मदत करा, शिकून परत येईन आणि गावाला हवं ते करीन. तो म्हणाला, एकट्याने माझ्याच्याने होणार नाही. आणि त्याने आणखी पंधरा-सोळा जणांची नावं दिली. झालं! रोज पहाटे एकेक दार. बाप्ये आले, मग बायका आल्या, सगळ्या गावाने मिळून पैसे जमवले.

केनियात याला हरांबे म्हणतात. 1963 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाचे नेते जोमो केन्याटा यांनी ही हाक दिली, आणि सरकारची वाट न बघता गावोगावच्या लोकांनी स्वतः माध्यमिक शाळा बांधल्या. हरांबेच्या सभेत कोंबडीचा, बोकडाचा लिलाव होतो. आपल्याकडे गणपतीपुढच्या नारळाचा होतो, तसाच. (आपल्याकडे मात्र शाळेच्या कार्यक्रमात निम्मा वेळ शाल-श्रीफळात जातो. पाहुण्यांचा परिचय संपेपर्यंत पोरं उन्हात वाळतात. असो.)

काकेन्या 2000 साली गेली, शिकली, आणि शब्द पाळायला परत आली. मुलींची शाळा काढू म्हणाली. काही पुरुष म्हणाले, मुलांची शाळा काढ. हिने काय सांगावं? गावातले पुरुषही शिकून बाहेर गेलेत, त्यांना सांगा मुलांची शाळा बांधायला. मी मुलींची बांधणार. आणि तुम्हालाही हे हवंय, याची खूण दाखवा. गावाने जमीन दिली. पुन्हा सांगतो, जमीन गावाने दिली. बाहेरच्या देणग्या त्यानंतरच्या. 2009 मध्ये तीसेक मुलींवर शाळा सुरू झाली. प्रवेशाची अट अशी की मुलीची सुंता करायची नाही, लवकर लग्न लावायचं नाही.

आता दुसरी बाजू, थोडक्यात. मलावीत एका जगप्रसिद्ध गायिकेच्या संस्थेने दीड कोटी डॉलरची मुलींची शाळा ठरवली. 2011 मध्ये बातमी आली: 38 लाख डॉलर खर्च झाले आणि शाळा काही होणार नाही.

भिंतींना पैसे मिळतात हो. भिंतीवर संगमरवरी पाटी लागते ना! आपल्या देवळांत तर पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव. पण संडासावर नाव घालायला कोण तयार होतो? आणि मुलींच्या शाळेत तोच आधी लागतो. कुंपण, पाणी, पाळीच्या दिवसांतले पॅड, वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीचा पगार. केनियात 2008 पासून दिवसाच्या सरकारी माध्यमिक शाळेची शिकवणी फी माफ आहे. पण घर लांब असलं की वसतिगृह आलं, आणि त्याची फी आली. गणवेश वेगळाच.

म्हणून आफ्रिकेतल्या शाळेसाठी कुणी तुमच्या दारी आलं तर चहा जरूर पाजा, आणि दोन गोष्टी विचारा. जमीन कुणी दिली? आणि इमारत झाल्यावर, तिसऱ्या वर्षी, स्वयंपाकिणीचा पगार कोण देणार? पुन्हा म्हणतो: जमीन कुणाची, पगार कोण देणार. उत्तर नीट आलं तर पाकीट काढा.

वेळ संपली. नमस्कार.