आरशातल्या भुवया

नमस्कार मंडळी, कॅनडातल्या ऑटावाहून बोलतोय. 30 सप्टेंबर जवळ आला की इथे नारिंगी टीशर्ट दिसायला लागतात, रेसिडेन्शियल शाळांमधल्या, म्हणजे इथल्या मूळनिवासी पोरांना सक्तीने ठेवायच्या त्या निवासी शाळांमधल्या, मुलांच्या आठवणीत. त्या शाळांबद्दल तुम्ही ऐकलं असेलच, दीडेक लाख मुलं आईबापांपासून तोडून नेली, स्वतःची भाषा बोललं की मार, मग 2008 ला पंतप्रधानांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. पण मला आज शाळेतलं नाही, पोरं घरी परत आली तेव्हाचं सांगायचंय. परत आली तेव्हाचं बरं का, कारण आपल्याला वाटतं विमान उतरलं, आईने जवळ घेतलं, संपलं.

तर मी पूर्वी इथे टॅक्सी चालवायचो. (हसू नका, डिग्र्या घेऊन आलेल्या कितीतरी जणांनी इथे चालवलीय, आणि ही ॲपवाली मंडळी येण्याआधी त्यात पैसा होता, पण ते जाऊदे.) उत्तरेकडे नुनावुत नावाच्या बर्फाळ प्रदेशात मोठं हॉस्पिटल नाही, म्हणून तिथले बरेच पेशंट विमानाने ऑटावात येतात. तशा एक इनुइट, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, आजी रेडिएशनसाठी आलेल्या, रोज सकाळी माझ्या गाडीत. पहिल्या दिवशी विचारलं, हीटर वाढवू का? उत्तर नाही. आरशात बघतो तर आजींनी नुसत्या भुवया उंचावलेल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही, परत विचारलं. परत भुवया. तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडलोच, तर त्या खोखो हसायला लागल्या. म्हणाल्या, अरे तीनदा हो म्हटलं की!

त्यांच्याकडे भुवया वर म्हणजे हो, नाक मुरडलं म्हणजे नाही. तोंड उघडायचं कामच नाही. (उणे चाळीसमध्ये कोण तोंड उघडेल, ही आपली माझी थिअरी.) मी सॉरी म्हटलं तर म्हणाल्या, तुझं काय घेऊन बसलास, मी तर माझ्या आईशी हेच केलं.

आजी सात वर्षांची पोर असताना तिला विमानाने त्या शाळेत नेलं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात परत आणून सोडलं तर घराला वास येतोय म्हणाली, सीलच्या तेलाच्या दिव्याचा वास, ज्या वासात जन्मली तो. समोर गोठलेलं कच्चं मांस ठेवलं, आईने उलूने, म्हणजे त्या बायकांच्या अर्धगोल सुरीने, पातळ कापून दिलं तर घशाखाली उतरेना. आई इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत, बोलतेय, हिला निम्मं कळतंय, तोंडात येतंय इंग्लिश. आणि दोनतीन दिवसांनी सगळे चहासाठी बर्फ आणायला निघाले (समुद्राचा नाही हो, गोड्या पाण्याचा, तळ्यावरचा), हिने आईला कसंबसं विचारलं, मी येऊ? आईने भुवया उंचावल्या. ही उभीच. उत्तराची वाट बघत उभी, कारण शाळेत नुसतं बघितलेलं चालायचं नाही, येस सिस्टर असं मोठ्याने म्हणावं लागायचं. माणसं पुढे गेली, कुत्री पुढे गेली, ही तंबूपाशी रडतेय की आई बोलली नाही, आईला मी नकोय. तिकडे आईला वाटतंय पोरीला माझ्याबरोबर यायची लाज वाटते.

बघा म्हणजे, दोघी एकमेकींसमोर आणि दोघींना वाटतंय समोरचीला मी नकोय. मारझोड नाही, भांडण नाही, फक्त एक भुवई वाचता आली नाही.

मग आई मागे फिरली. हातमोजे काढले, गार अंगठे पोरीच्या दोन्ही भुवयांवर ठेवले, वर ढकलल्या आणि म्हणाली, 'ई'. म्हणजे हो. मग चिमटीत नाक धरून मुरडलं, 'आक्का'. म्हणजे नाही. तान्ह्या बाळाला शिकवतात तसं, आठ वर्षांच्या मुलीला.

आता कोणीतरी म्हणणार, आमच्याकडची पोरं पण इंग्लिश मीडियमला जाऊन तशीच होतात. नाही हो, ते फॉरवर्ड मलाही आलंय. आपण फी भरून, रांगा लावून घालतो आणि संध्याकाळी पोरगं घरी असतं. इथे सरकार आणि चर्च मिळून न्यायचे, नाही म्हणायची सोय नसायची. हडसन उपसागराच्या काठी चेस्टरफिल्ड इनलेटला असंच एक वसतिगृह होतं, 1969 ला बंद झालं. पीटर इरनिक नावाचा मुलगा 1958 ला तिथे नेला होता, पुढे तो नुनावुतचा कमिशनर झाला, म्हणजे आपल्याकडच्या राज्यपालासारखा. या शाळांच्या चौकशी आयोगाचा रिपोर्ट 2015 चा, त्यात 94 शिफारशी, त्यावर पुढच्या वेळी बोलू, वेळ संपत आला.

आजींचं रेडिएशन संपलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात सोडताना मी सवयीने विचारलं, उद्या त्याच वेळेला येऊ ना? आरशात बघितलं. आजींनी नाक मुरडलं.

या वेळी मी परत विचारलं नाही.