टॉलपडलची सहा घरं

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचं छोटं खेडं आहे. गावच्या हिरवळीवर सिकॅमोरचं एक जुनं झाड आहे. १८३३ साली शेतावर राबून आलेले मजूर या झाडाखाली जमायचे. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठावरून सात झाली होती, आणि आता ती सहावर येणार होती. बायकापोरांच्या तोंडात घालायचं काय? जॉर्ज लव्हलेसच्या पुढाकारानं त्यांनी शेतमजुरांची ‘फ्रेंडली सोसायटी’ काढली, एकमेकांच्या पाठीशी उभं राहायला.

संघटना करायला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. पण नव्या सभासदाला डोळ्यांवर पट्टी बांधून आत आणत, सांगाड्याचं चित्र दाखवून शपथ देत. जमीनदारांनी नेमकी ती शपथ धरली. नौदलातल्या बंडानंतर १७९७ साली झालेला कायदा उकरून काढला आणि मार्च १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांना ऑस्ट्रेलियाला धाडलं. लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, सह्यांचे ढीग जमले, तेव्हा कुठे १८३६ साली माफी मिळाली.

या सहांतला जेम्स हॅमेट माझ्या मनातून जात नाही. ज्या शपथविधीवरून खटला झाला, तिथे तो नव्हताच. तिथे त्याचा भाऊ होता, असं मानतात. जेम्सनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. भावाच्या वाट्याची शिक्षा त्यानं भोगली.

१९३४ साली, शंभर वर्षांनी, ट्रेड युनियन काँग्रेसनं गावात स्मारक उभारलं. काय उभारलं? म्हाताऱ्या शेतमजुरांना राहायला सहा घरं! एकेका घराला एकेकाचं नाव. मला हे फार मोठं वाटतं. भाकरीसाठी एकत्र आलेल्या माणसांच्या नावानं कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर आलं.

सुटकेनंतर बाकीचे पाच जण पुढे कॅनडाला गेले. हॅमेट मात्र टॉलपडललाच राहिला, बांधकामावर मजुरी करत. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली. १८९१ साली डॉर्चेस्टरच्या निराधारगृहात तो वारला. गावच्या चर्चच्या आवारात त्याचं थडगं आहे. त्यावरचा दगडही १९३४ सालचा, शिल्पकार एरिक गिल यांनी घडवलेला. दर जुलैत कामगार बॅनर घेऊन टॉलपडलला येतात, आणि त्या थडग्यावर फुलं वाहतात.