स्लाइड वाचू नका. प्लीज!

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न, "ताई, प्रेझेंटेशनला उभं राहिलं की हात कुठे ठेवायचे?" अहो, असू द्या कुठेही. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवा, वेळ पाळा, पाण्याची बाटली जवळ ठेवा. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ.

मला बोलायचंय ते स्लाइड वाचण्याबद्दल. मध्यंतरी एका कंपनीत तिमाहीच्या रिव्ह्यूला बसले होते. नाव विचारू नका. सेल्समधला मुलगा, चहाच्या टपरीवर एकदम रंगात येऊन बोलणारा. पण स्लाइड आली आणि हा आमच्याकडे पाठ करून ती वाचायलाच लागला! तो तिसऱ्या ओळीवर असताना साहेबांचं सगळं वाचून झालेलं. मग काय, मोबाइल.

मनातल्या मनात आपण भराभर वाचतो, मोठ्याने वाचायला वेळ लागतो. शिवाय डोळे वाचतायत आणि कानावरही शब्द पडतायत, म्हणजे दोन्ही अर्धवट. म्हणून स्लाइड बदलली की आधी गप्प राहा. त्यांना वाचू दे. मग जे स्लाइडवर नाही ते बोला. नाशिकची विक्री घसरली हे ग्राफमध्ये दिसतंय. का घसरली, ते तुम्ही सांगायचं.

यावर एकाची कमेंट, "गप्प राहिलो तर लोकांना वाटेल विसरलो." कोणाला वाटत नाही हो, तुम्हालाच वाटतं! टोस्टमास्टर्स ही लोकांसमोर बोलायचा सराव करून घेणारी, १९२४ पासून चालणारी संस्था. तिच्या बैठकीत एकाला फक्त बोलणाऱ्याचे 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' मोजायला बसवतात. शांततेचे सेकंद मोजायला कोणी नसतं. ती भरायला जे तोंडातून निघतं, तेच खटकतं.

आणि ॲमेझॉन बघा. जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंटच काढून टाकलं. सहा पानांपर्यंतचं टिपण द्यायचं, सगळ्यांनी तिथेच बसून मुकाट्याने वाचायचं, चर्चा नंतर. तुमच्या ऑफिसात हे कोणी करणार नाही, मला माहीत आहे. पण क्रम तोच ठेवा ना! आधी वाचू दे, मग बोला.

तरी मान पडद्याकडे वळतेच? स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर 'बी' दाबा. पडदा काळा. आता बघायला तुम्हीच उरलात. पुन्हा 'बी' दाबलं की स्लाइड परत. इतकी वर्षं पॉवरपॉइंट वापरणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं, कमाल आहे!

राहिली एक कमेंट, "साहेबच म्हणतात सगळे आकडे स्लाइडवर हवेत." मग दोन फाइली करा. आकड्यांची साहेबांना आदल्या दिवशी मेल करा, पडद्यावर दुसरी लावा. आणि मीटिंगमध्ये त्यांनी आकडा विचारलाच, तर पान नंबर सांगा.