चौदा कलमं आणि एक पडदा

श्रोतेहो, नमस्कार.

माझी भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते. परवा नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून एक जुनं गाइड घेऊन आली. आधीच्या मालकानं वुड्रो विल्सनच्या ओळीवर पिवळा हायलायटर फिरवलेला: पहिल्या महायुद्धानंतरच्या शांततेसाठी १४ कलमी कार्यक्रम, संयुक्त राष्ट्रांच्या आधीचा राष्ट्रसंघ, १९१९चं शांततेचं नोबेल. संपला माणूस. मार्क यालाच मिळतात, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची?

हेच विल्सन मार्च १९१३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले. काही महिन्यांतच त्यांच्या मंत्र्यांनी टपाल आणि अर्थ खात्यांत कृष्णवर्णीय कारकुनांना वेगळं बसवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं एका खोलीत काम केलेल्या माणसांमध्ये पडदे उभे राहिले. जेवायची जागा वेगळी, संडास वेगळे. १९१४पासून तर नोकरीच्या अर्जाला फोटो लावणं सक्तीचं झालं. फोटो कशाला, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे ते काम आडनाव करतं.

त्याच वर्षी मॉन्रो ट्रॉटर नावाचे कृष्णवर्णीय संपादक शिष्टमंडळ घेऊन अध्यक्षांना भेटले. विल्सननी त्यांना ऐकवलं, यात अपमान कसला, हे तुमच्याच भल्याचं आहे. ट्रॉटर ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. वाद चिघळला आणि त्यांना बाहेर जायला सांगण्यात आलं. विल्सन स्वतः इतिहासाचे अभ्यासक, प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. त्यांना कळत नव्हतं, असं कसं म्हणायचं?

आणि १९१३च्याच जुलैत बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन २२ वर्षांचा एक तरुण न्यूयॉर्कला उतरला. दीक्षाभूमीच्या या गावात त्याचं नाव वेगळं सांगायला नको. बाबासाहेबांनी पुढं १९४६मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे, हे त्यात आहे.

प्रिन्स्टननं आपल्या सार्वजनिक धोरणाच्या स्कूलवरून विल्सनचं नाव काढलं, तेव्हा २०२० उजाडलं होतं. आमचं गाइड अजून तिथंच आहे.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामाजी, पण हे गाइडमध्ये नाही न."

मग मी तिला १९१९च्या पॅरिसमधल्या शांतता परिषदेची गोष्ट सांगितली. राष्ट्रसंघाच्या करारात समानतेचं तत्त्व घालावं, असा प्रस्ताव जपाननं मांडला. वंशावरून भेदभाव होऊ नये, हा त्यामागचा हेतू. करार तयार करणाऱ्या समितीत १७ पैकी ११ मतं बाजूनं पडली. अध्यक्षस्थानी विल्सन. त्यांनी निकाल दिला: एकमत नाही, प्रस्ताव नामंजूर. याच समितीत इतर मुद्दे बहुमतावर मंजूर झाले होते.

भाचीनं पिवळ्या पट्ट्याच्या बाजूला पेन्सिलीनं '१७ पैकी ११' लिहिलं. थोडा वेळ त्याकडे बघत बसली.

"मामाजी, मग बाकीचे ६ कोण होते?"